हात क्रमांक दोन

आयर्लंडला निघायच्या आधी सलग तीन दिवस ज्योत्स्नाबाईंनी सुरेखाला सकाळी आपल्या गॅलरीत उभं केलं आणि एकेका झाडाला हात लावायला लावला. तुळस, मोगरा, कढीपत्ता, जास्वंद, दोन शेवंत्या आणि कठड्यावरून वर चढलेला जाईचा वेल. प्रत्येकाच्या बुंध्याला नखाएवढी हिरवी चिमटी लावलेली होती. सुरेखाचा हात पानाला लागला की बाईंच्या फोनवर एक रेघ थरथरायची.

"अजून एकदा. आणि परीक्षेला बसल्यासारखी ताठ होऊ नकोस, नेहमी लावतेस तसा हात लाव."

"तीस वर्षं पाणी घालायलेय तुझ्या झाडांना," सुरेखा म्हणाली. "आत्ताच कशाला ह्यांना माझी ओळख पाहिजे?"

"झाडांना नको, यंत्राला पाहिजे."

सुरेखानं निमूटपणे जास्वंदीला हात लावला. लातूरच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर होती, एक औसेकरांचं आणि एक मोहित्यांचं. ज्योत्स्ना औसेकर शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन नऊ वर्षं झालेली, एकुलती मुलगी ऋचा आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात. समोर सुरेखा आणि तिचे यजमान दिलीपराव, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून हयात घालवलेले. औसेकरांची एक किल्ली मोहित्यांच्या दारामागच्या खिळ्याला कायम टांगलेली असायची, मोहित्यांची औसेकरांच्या फ्रिजवर. एकानं गावाला जायचं आणि दुसऱ्यानं झाडं सांभाळायची, हे इतकं ठरलेलं होतं की कुणी कुणाला विचारतही नसे.

ठिबकची नळी लावून मोकळं व्हायची सोय आता शहरात राहिली नव्हती. नळ दहाव्या दिवशी यायचा, आणि कुंड्यांना नळाचं पाणी घालायला बंदी होती. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि ते हातानंच घालायचं. आपल्या घरचं तांदळाचं पाणी समोरच्या झाडांना न्यायला माणूसच लागायचा.

चिमटीचं शास्त्र बाईंनी मोहित्यांच्या सोफ्यावर बसून दिलीपरावांना समजावून सांगितलं होतं. झाड पाणी पितं ते मुळातून ढकलून नव्हे, पानातून ओढून. पानांतून वाफ उडते, त्या ओढीनं खालचं पाणी केसाहून बारीक नळ्यांतून वर चढतं. माती कोरडी पडली की ओढ वाढत जाते. मग एखाद्या नळीतली धार तुटते आणि तिथं बुडबुडा धरतो. तुटताना टिक् असा आवाज होतो, पण तो इतक्या वरच्या पट्टीतला की माणसाच्या कानाला पोचत नाही. चिमटीला तो ऐकू येतो. पाणी मिळालेलं झाड तासाभरात एखाद्या वेळी टिकटिकतं, तहानलेलं तीस-चाळीस वेळा. टिकटिक किती उतरली त्यावरून पाणी किती पडलं, तेही यंत्र मांडतं.

"म्हणजे डिझेलच्या लाइनीत हवा धरती तसं," दिलीपराव म्हणाले.

"अगदी तसंच." विद्यार्थी हुशार निघाल्याचा बाईंना आनंद झाला.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. लाजाळूच कशाला, कुठल्याही झाडाच्या पानाला हात लागला की विजेची बारीक लहर देठातून खोडाकडे जाते. हात गरम की गार, जड की हलका, सोडताना झटक्यानं सोडतो की सावकाश, तशी ती लहर बदलते. शास्त्रज्ञांना हे हवं होतं ते हरितगृहात पानावर कीड बसली की वारा लागला हे ओळखायला. 'पर्णवाणी' नावाच्या कंपनीनं त्याच लहरीवरून माणसं ओळखायला शिकवलं, आणि तिथून भानगडी सुरू झाल्या. कुणी मनीप्लांटच्या नोंदीवरून मोलकरणीला काढलं. एका घटस्फोटाच्या खटल्यात तर वकिलानं दिवाणखान्यातल्या रबराच्या झाडाची नोंद पुढे केली, नवरा गावाला असताना कुंडीजवळ कोण उभं होतं म्हणून. कोर्टानं ती ग्राह्य धरली नाही, पण त्या घरात ती धरली गेलीच.

बाईंना यातलं काही नको होतं. त्यांना फक्त झाडांची तहान कळायला हवी होती. पण मुळातला स्वभाव शिक्षिकेचा, पुराव्याशिवाय मार्क न देणारा. हाताच्या ओळखीची सोय फुकट मिळते आहे तर का सोडा, म्हणून तीही त्यांनी चालू केली.

"आणि एक," निघताना त्या सुरेखाला म्हणाल्या, "दिलीपरावांना माझ्या झाडांना हात लावू देऊ नकोस. मागच्या खेपेला मायेपोटी सकाळ-संध्याकाळ पाणी घालून माझा गुलाब कुजवला त्यांनी."

दारात उभे असलेले दिलीपराव ओशाळून हसले. जाईचा मांडव त्यांनीच करून दिला होता, मोडीत निघालेल्या बसच्या सीटचे पाइप वाकवून. त्याबद्दल काही न बोलता त्यांनी बाईंची मोठी बॅग उचलली आणि लिफ्ट बंद होती म्हणून तीन मजले खाली नेली.

*

कॉर्कमध्ये ऋचाला सातवा महिना लागला होता आणि रक्तदाब वर चढत होता. डॉक्टरनं पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. जावई सौमित्र दिवसभर कामावर. बाई स्वयंपाक करायच्या, लेकीचे पाय चेपायच्या, आणि मध्येच फोन उचलून लातूरची झाडं बघायच्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, हे त्यांना कळत होतं, पण राहवत नसे.

'पर्णवाणी'त आणखी एक सोय होती. झाडाचा तो न ऐकू येणारा आवाज खालच्या पट्टीत आणून ऐकता यायचा. बाईंनी तो चालू ठेवला. एप्रिलचं ऊन लातुरात त्रेचाळीसच्या वर, आणि कॉर्कच्या थंड ओट्यावर फोन टिकटिकत राहायचा. टिकटिक वाढली की बाईंचा जीव वर-खाली व्हायचा, थांबली की सुरेखा पाणी घालून गेली असं समजायचं.

"आई, ते बंद कर," एक दिवस ऋचा पलंगावरून म्हणाली. "मी तीनदा हाक मारली. तुझं सगळं लक्ष कढीपत्त्यात."

"अगं, बंदच करत होते." त्यांनी आवाज बंद केला, आणि लेकीला पाणी देऊन आल्यावर पुन्हा लावला.

पहिल्याच आठवड्यात फोनवर एक नवी ओळ उमटली. 'अनोळखी स्पर्श. हात क्रमांक दोन अशी नोंद केली आहे.'

क्रमांक एकला बाईंनी सुरेखाचं नाव दिलं होतं. हा दोन कोण? पाणी तर नीट पडत होतं, ना कमी ना जास्त, रोज सकाळी सातच्या सुमाराला. दिलीपराव असतील असं क्षणभर वाटलं, पण दिलीपरावांचं पाणी असं मोजून पडायचं नाही. त्यांनी फोन लावला.

"झाडांना तूच पाणी घालतेस ना?"

"मीच गं. दुसरं कोण घालणार?"

सुरेखाचं उत्तर जरा घाईनं आलं. एकतीस वर्षं कॉप्या पकडलेल्या कानाला ती घाई बरोबर ऐकू आली. त्या दिवसापासून बाई झाडांची तहान कमी आणि हातांची हजेरी जास्त पाहू लागल्या. सुरेखा आठवड्यात एखाद्या दिवशी. बाकी सगळा क्रमांक दोन. पाच मेला तर त्या हातानं गॅलरीत दोन तास दहा मिनिटं काढली, एकेका कुंडीशी वीस-वीस मिनिटं. झाडाला वीस मिनिटं पाणी कोण घालतं? जिना झाडणाऱ्याला तिनं काम लावून दिलं असणार, बाईंनी ठरवलं, आणि तो तिथं बसून आराम करत असणार. राग कामाचा नव्हता. सुरेखानं तोंडावर खोटं सांगितलं, तो राग होता.

अकरा मेला दोन ओळी आल्या आणि मग सगळं थांबलं. बारा मेला कुणी नाही. तेराला नाही. टिकटिक वीसवर गेली, तिसावर गेली. कॉर्कमध्ये बाईंना जेवण जाईना.

सोळा तारखेला त्यांनी पुन्हा फोन लावला.

"झाडं कशी आहेत?"

"मजेत आहेत." सुरेखाचा आवाज बसलेला होता.

"काय झालं घशाला?"

"सर्दी झालीय. उन्हाळ्याची सर्दी वाईट."

ऋचानं पलंगावरून हाक दिली, "सुरेखामावशी, काका कुठंयत? बाळाला नाव शोधून ठेवतो म्हणाले होते. काढलं का, विचार त्यांना."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"झोपलेत गं बाळा," सुरेखा म्हणाली. "उठले की सांगते." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक अनोळखी हात एकदाच पाणी घालून गेला. क्रमांक तीन. नंतर पुन्हा सगळं कोरडं. तुळशीची टिकटिक वीस तारखेला बंद पडली. पाणी मिळाल्यामुळे नव्हे. तिच्यात तुटायला धारच उरली नव्हती.

तेवीस तारखेला बाईंनी ऋचाचं जेवण उरकलं, चष्मा लावला आणि संदेश लिहायला बसल्या. उत्तरपत्रिका तपासावी तसा तो त्यांनी मुद्देसूद लिहिला. 'सुरेखा, हातच्या कांकणाला आरसा कशाला? मीच घालते म्हणालीस, पण पाणी घालायला दुसरंच कुणी येत होतं. अकरा तारखेला तू स्वतः येऊन माझ्या गॅलरीत एक्केचाळीस मिनिटं बसलीस आणि पाण्याचा थेंब न घालता गेलीस. त्यानंतर बारा दिवसांत एकदा सोडून कुणी फिरकलं नाही. तरी झाडं मजेत आहेत म्हणून सांगितलंस. माझी तुळस गेली. होत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. मी तुझ्याकडून खोट्याची अपेक्षा केली नव्हती. किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या पाटणकरांकडे दे.'

खाली अकरा मेच्या नोंदीचं चित्र जोडलं. पुरावा म्हणून.

उत्तर चार तासांनी आलं. 'बरोबर आहे तुझं. किल्ली दिली पाटणकरांकडे. ऋचाला जप.'

भांडली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटून गेलं. भांडणाला उत्तर देता येतं. त्यांनी 'पर्णवाणी' उघडून सुरेखाचा हात काढून टाकला. यंत्रानं विचारलं, 'आतापर्यंतच्या सर्व हातांच्या मागील नोंदी ठेवायच्या की पुसायच्या?' बाई रागात होत्या. घराला लागलेले खोटे हात पुसून टाकावेत असं त्यांना वाटलं. त्यांनी 'पुसा'वर बोट ठेवलं.

जून लागताच चौथ्या दिवशी ऋचाला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी, पण सुखरूप. सोसायटीतल्या सगळ्यांचे निरोप आले, पाटणकरांचा आला, वॉचमनचाही आला. मोहित्यांच्या घरून एक ओळ आली नाही. बाईंना त्याचं फार लागलं. माझ्याशी असेल भांडण, पण ऋचानं काय केलं, असं म्हणत त्या रात्रभर तळमळल्या आणि सकाळी बाळाला न्हाऊ घालायला उठल्या.

*

ऑगस्टच्या अखेरीस साडेचार महिन्यांनी बाई परत आल्या. हातातल्या पिशवीत सुरेखासाठी लोकरीची शाल होती. विमानात त्यांनी ठरवलं होतं, आपण होऊन बोलायचं. झाडं काय, पुन्हा लावता येतात. 'चूक तुझी, पण जाऊ दे' असं म्हणायचं, इतपत मोठेपणा त्यांनी मनाशी मंजूर केला होता.

मोहित्यांचं दार उघडं होतं. समोरच्या भिंतीवर दिलीपरावांचा फोटो होता, एसटीच्या निरोप समारंभातला, हसरा. फोटोला चंदनाचा हार होता. खाली दोन तारखा लिहिल्या होत्या.

बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. दुसरी तारीख अकरा मे होती. ती तारीख त्यांना पाठ होती.

"आलीस?" आतून सुरेखा आली. बारीक झाली होती. "बस. पाणी आणते."

"सुरेखा, हे कधी..." कधी ते तर लिहिलेलं होतं. "मला कुणी सांगितलं नाही."

"मीच नको म्हणले सगळ्यांना. ऋचाचा आठवा महिना, त्यात बीपी. तिला ह्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं. तुला कळलं की तुझ्या तोंडावरून तिला कळणार. तुझं तोंड काही लपवत नाही." सुरेखानं पाण्याचा तांब्या आणि पेला समोर ठेवला. "नंतर बाळ अगोदर आलं, ओली बाळंतीण. म्हणलं, आल्यावर कळेलच."

"त्या दिवशी..."

"सकाळी चांगले होते. नऊला छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं. मी ह्यांचे कपडे न्यायला घरी आले, आणि तेवढ्यात फोन आला." ती सपाट आवाजात सांगत होती, अनेकदा सांगून झालेलं सांगावं तसं. "मुलगा पुण्याहून निघाला होता. घरात बसवेना. जिकडं बघावं तिकडं ह्यांचा चष्मा, ह्यांची चप्पल. मग खिळ्यावरची तुझी किल्ली घेतली आणि तुझ्याकडं जाऊन बसले. जाईपाशी. पाणी घालावं म्हणून बादली उचलली पण होती. मग आठवलं, आता आपल्याला सुतक लागलं. तुळस शेजारीच. दुसऱ्याच्या घरच्या झाडांना सुतकाचं पाणी कसं घालू? म्हणून बादली ठेवली आणि नुसती वेलाला धरून बसले. मला वाटलं, पाच मिनिटं बसले असेन."

बाईंनी तोंडाला पदर लावला. एक्केचाळीस मिनिटं हा आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं टाइप केला होता.

"तेराव्याला तुझा निरोप आला," सुरेखा म्हणाली. "पंगत बसली होती."

"मला माफ कर. मी काय लिहून बसले..."

"खोटं काय लिहिलंस? पाणी नाही घातलं, हे खरंच. मी खोटं बोलले, हेही खरंच. झाडं माझ्या डोक्यातूनच गेली होती. तुझा फोन आल्यावर भाच्याला पाठवलं, तो एकदा घालून गेला." ती उठली. "चहा घेतीस का? लांबून आलीयस."

चहा घेतीस का, असं मोहित्यांच्या घरात बाईंना तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिथं चहा विचारून होत नसे. त्या शाल पिशवीतच ठेवून घरी आल्या आणि बराच वेळ रडल्या.

*

चार दिवस गॅलरीत पाऊल टाकायचा धीर त्यांना झाला नाही. पाचव्या दिवशी शेवंतीची कुंडी बदलायला घेतली, तर खुरपं मातीत कशावर तरी आपटलं. त्यांनी हातानं माती सारली. आत एक छोटं कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं होतं, तोंडावर करवंटीचं झाकण. मोगऱ्यात तसंच, कढीपत्त्यात, जास्वंदीत. जाईच्या पिंपात दोन. फक्त तुळशीच्या वृंदावनात नव्हतं, तिथं जागाच नव्हती.

विज्ञानाच्या शिक्षिकेला ते समजायला वेळ लागला नाही. तसल्या मडक्यातून पाणी झिरपतं, माती जेवढं ओढेल तेवढंच. भरून ठेवलं की आठवडाभर झाड मरत नाही, आणि कितीही मायेनं भरलं तरी मूळ कुजत नाही. त्रेचाळीस डिग्रीत बारा दिवस झाडं का जगली, हा प्रश्न त्यांना कॉर्कमध्ये पडायला हवा होता. नोंदीत दोन तास दहा मिनिटं दिसली, आणि त्यांना त्यात आळशी माणूस दिसला. सगळी माहिती हातात असताना उत्तर चुकलं होतं, आणि असल्या चुकीबद्दल त्यांनी कधीच कुठल्या मुलाला माफ केलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी बेल वाजली. दारात सुरेखा होती, हातात तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं.

"वाया जायलं होतं," ती म्हणाली आणि चपला काढून थेट गॅलरीत गेली. उकरलेली माती आणि मडकी तिनं पाहिली. "सापडलं का? तुला सांगायचं नव्हतं ह्यांना. म्हणायचे, बाई आल्या की आपणच दाखवू, गुलाबाची भरपाई म्हणून. माझा गुडघा धरला होता, म्हणून पहिल्यापासून तेच यायचे सकाळी. मीच म्हणले, बाई रागावतील, तुमचं नाव सांगत नाही."

बाईंनी जवळची करवंटी उचलून मडक्यावर पुन्हा बसवली.

सुरेखा जाईच्या मांडवाजवळ बसली. त्या दिवशी जिथं बसली असेल तिथंच, बाईंना वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "एक विचारू का? त्या चिमटीत हात दिसतात म्हणतीस. रेघ येती हाताची."

"येते."

"त्यांच्या हाताची असेल की मग. तीन-चार आठवडे रोज लावलाय त्यांनी. मला त्यातलं कळत नाही, पण नुसती बघायचीय. फोटो काय, असतात. पण हाताचं असं काही राहत नाही ना माणसाच्या."

बाईंनी हाताची माती पदराला पुसली. ती रेघ त्यांनी रोज पाहिली होती. संथ, भरलेली, सुटताना सावकाश उतरणारी. कंपनी नोंदी महिनाभरच ठेवते, एवढं एक वाक्य पुरे होतं. सुरेखानं ते मानलं असतं. खरंखोटं पडताळायचा तिला मार्ग नव्हता. साऱ्या सोसायटीनं बाईंना जपण्यासाठी साडेतीन महिने खोटं सांभाळलं होतं, त्यात आणखी एकाची भर. पण हे खोटं सुरेखाला जपायला नव्हतं, स्वतःला वाचवायला होतं, हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"पुसली मी," त्या म्हणाल्या. "तेवीस तारखेला. तुझी आणि त्यांची, सगळी. रागाच्या भरात. परत आणता येत नाही, मी विचारून पाहिलं असतं तर... पण नाही येत."

सुरेखा वेलाकडे बघत राहिली. खाली कुणीतरी गाडी सुरू केली, ती गेटातून बाहेर गेली.

मग सुरेखानं पदराच्या घडीतून फोन काढला आणि काहीतरी उघडून बाईंपुढे धरलं. बाईंनी चष्मा सारखा केला. त्यांचाच संदेश होता, आणि त्याखाली त्यांनीच पाठवलेलं चित्र. त्या चित्रात दोन ओळी होत्या. खालची बाईंना पाठ होती. वरची त्यांनी कधी नीट वाचलीच नव्हती.

'११ मे. सकाळी ७:१२. हात क्रमांक दोन. ६ मिनिटे. पाणी दीड लिटर.'

"मग एवढंच राहिलं," सुरेखा म्हणाली. "मुलगा म्हणायलाय, काढून टाक तो मेसेज, कशाला जपून ठेवतीस. त्याला काय सांगू? त्या दिवशी सकाळी मी झोपले होते. उठले तेव्हा ते दाढी करायले होते, आणि मी वीजबिलाचं काहीतरी बोलले. त्याच्या आधी ते इथं येऊन गेले होते, ते मला तुझ्या मेसेजमधून कळलं. तेराव्याला, पंगत वाढताना."

बाई तिच्याजवळ फरशीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. माफीचा शब्द दुसऱ्यांदा उच्चारायची त्यांना लाज वाटली. त्यांनी सुरेखाच्या पाठीवर हात ठेवला. सुरेखानं तो झटकला नाही, पण तिची पाठ त्या हाताला टेकलीही नाही.

"किल्ली नेतेस का परत?" बाईंनी विचारलं.

"राहू दे पाटणकरांकडे," सुरेखा म्हणाली. "आता हात लावताना ती चिमटीच दिसती मला."

"मी काढून टाकते त्या."

"काढलीस तरी दिसेल." तिनं हे रागानं म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं म्हटलं.

ती उठली. पातेल्यातलं पांढुरकं पाणी तिनं जाईच्या पिंपातल्या मडक्यांत ओतलं, दोन्ही मडक्यांवर करवंट्या नीट बसवल्या आणि वेलाच्या खोडावर क्षणभर हात ठेवला. बाईंच्या मांडीवरचा फोन थरथरला. त्यांनी पाहिलं. 'जाईला अनोळखी स्पर्श. हात क्रमांक पाच अशी नोंद केली आहे.'

"काय म्हणती ती?" सुरेखानं वळून विचारलं.

ज्योत्स्नाबाईंनी फोन पालथा ठेवला.

"पाणी पोचलं म्हणते," त्या म्हणाल्या.